सीएसएमटीचा फोटो: आधी वेळ, मग जागा, मग लेन्स

महापालिका मुख्यालयासमोरच्या सेल्फी पॉइंटवरून रात्री आठला काढलेला, झूम ०.५ वर नेलेला, फोन वर तिरपा धरून टिपलेला सीएसएमटीचा (मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा) फोटो कसा दिसतो हे आता पाठ झालंय. दोन्ही बाजूचे मनोरे आत झुकलेले, घुमट जांभळ्या रंगात बुडून सपाट झालेला, आकाश काळं आणि खाली अर्धी कापलेली बस. महागडा कॅमेरा घेऊन गेलेल्यांचाही फोटो बहुतेकदा असाच येतो. कॅमेऱ्याचा यात फारसा दोष नसतो. गडबड क्रमात होते. लोक आधी लेन्स ठरवतात, मग रिकामी दिसेल त्या जागी उभे राहतात, आणि वेळ ऑफिस सुटल्यावर जी मिळेल ती. हे नेमकं उलट करायचं. इमारतीचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, त्यामुळे कोणत्या कोपऱ्यातून कधी काय मिळेल हे घड्याळ ठरवतं.

खालचे टप्पे एका दुपारपासून रात्रीपर्यंतच्या फेरीसाठी आहेत, शिवाय एक वेगळी सकाळ. फोन असो वा कॅमेरा, क्रम तोच.

## टप्पा १ : आदल्या दिवशीची तयारी

सूर्यास्ताची वेळ बघा. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास. म्हणजे सव्वा तासाहून जास्त फरक. ‘संध्याकाळी सहाला भेटू’ हा बेत मे महिन्यातही उशिराचा ठरतो, डिसेंबरात तर फारच. सूर्यास्ताच्या निदान दोन तास आधी पोचायचं.

ऊन कुठल्या बाजूने येणार ते समजून घ्या. इमारतीकडे तोंड करून उभे राहिलात की संध्याकाळचा सूर्य तुमच्या पाठीमागे असतो. हिवाळ्यात तो नैर्ऋत्येकडे सरकलेला असतो, म्हणून ऊन उजव्या खांद्यावरून येतं आणि नक्षीकामाच्या बारीक सावल्या पडतात. मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटी ऊन जवळपास सरळ पाठीमागून येतं. तेव्हा दगड उजळतो, पण उठाव कमी दिसतो. माझ्या मते या इमारतीसाठी डिसेंबर-जानेवारी सर्वांत चांगले.

वार निवडा. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी रस्ता मोकळा असतो, समोरून सरळ फोटो हवा असेल तर तेव्हाच जा. गर्दी, टॅक्सी, बसच्या रेषा हव्या असतील तर कामाचा दिवस घ्या. दोन्ही एकाच दिवशी मिळवायला गेलात तर धड काहीच होणार नाही.

सामान कमी घ्या. पुरेसं सामान इतकंच: एक साधी झूम लेन्स (२४ ते ७० मिमी किंवा कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५), जमल्यास एक लांब पल्ल्याची (२०० मिमीपर्यंत), छोटा ट्रायपॉड, लेन्स पुसायचं कापड, भरलेली बॅटरी. फोन असेल तर फोनसाठीचा क्लॅम्प आणि पॉवर बँक. लोकलने गर्दीच्या वेळी येणार असाल तर मोठी पाठपिशवी टाळाच.

परवानगीचं आधीच बघा. फुटपाथवरून स्वतःसाठी फोटो काढणं वेगळं आणि व्यावसायिक शूट वेगळं. मॉडेल, कपड्यांची जाहिरात, प्री-वेडिंग असं काही स्टेशनच्या हद्दीत करायचं असेल तर मध्य रेल्वेची परवानगी आधी लागते. ड्रोनचा विचार सोडून द्या. दक्षिण मुंबईत विनापरवाना ड्रोन उडवला तर थेट पोलीस ठाण्यात जावं लागेल.

> तपासा : सूर्यास्ताची वेळ लिहून घेतली? मेमरी कार्ड रिकामं आहे? फोनच्या कॅमेऱ्यात ग्रिडच्या रेषा चालू केल्या? या रेषा पुढे प्रत्येक टप्प्यात लागणार आहेत.

## टप्पा २ : पहिली फेरी कॅमेरा न काढता

पोचल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं फोटो काढू नका. महापालिका मुख्यालयाच्या कोपऱ्यावरून सुरुवात करा. फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्याजवळ थांबा, मग सेल्फी पॉइंट, मग सबवेमधून पलीकडे स्टेशनच्या बाजूला, तिथून दक्षिणेकडे जीपीओच्या (मुख्य टपाल कार्यालयाच्या) दिशेने, आणि परत. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी मनात टिपा: समोर कोणता खांब, वायर किंवा बॅरिकेड आड येतंय, पाय रोवून उभं राहायला जागा आहे का, आणि मागे नुसतं आकाश आहे की दुसरी इमारत.

या भागात खोदकाम आणि बांधकाम सतत चालू असतं. मागच्या वर्षी मोकळी असलेली जागा आज पत्र्यांनी बंद असू शकते. म्हणून इंटरनेटवर पाहिलेल्या फोटोची जागा शोधण्यात संध्याकाळ घालवू नका.

> सावध : सगळ्यात स्वच्छ दृश्य रस्त्याच्या मधोमध उभं राहिल्यावर दिसतं, आणि तिथेच लोक जीव धोक्यात घालतात. सिग्नल लाल असला तरी वळणाऱ्या बस थांबत नाहीत. डिव्हायडरवर उभं राहूनही डोळा व्ह्यूफाइंडरला लावू नका.

## टप्पा ३ : दुपारच्या उन्हात तपशील

सूर्यास्ताला दोन तास असताना ऊन अजून कडक असतं. पूर्ण इमारतीला ते नकोसं वाटतं, पण तपशिलांना हेच हवं असतं. लांब लेन्स लावा, फोन असेल तर २ किंवा ३ पट झूम, त्यापुढे नको.

काय शोधायचं? घुमटाच्या टोकावर प्रगतीची मूर्ती आहे, एका हातात वर धरलेली मशाल आणि दुसऱ्या हाताशी आऱ्यांचं चाक. रोज तिच्याखालून जाणाऱ्या कित्येकांनी ती कधी नीट पाहिलेली नसते. तिचा फोटो अगदी पायथ्यापासून काढला तर नुसती हनुवटी आणि कापडाच्या घड्या दिसतात. समोरच्या फुटपाथवर, जितकं मागे जाता येईल तितकं जाऊन काढा, मशाल आणि चाक दोन्ही आकाशावर सुटी दिसली पाहिजेत. चाक मूर्तीच्या अंगात मिसळलेलं दिसलं तर डावीकडे किंवा उजवीकडे दहा-वीस पावलं सरका. मूर्ती हलणार नाही, हलायचं तुम्हालाच.

मग प्रवेशद्वाराच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ, भिंतीतून बाहेर डोकावणारी प्राण्यांची तोंडं, मोर, पानाफुलांच्या पट्ट्या. यांच्यासाठी ऊन बाजूने यायला हवं. समोरून ऊन असताना कोरीवकाम चपटं दिसतं.

ढगाळ दिवस असेल तर हा टप्पा पाच मिनिटांत उरका. उन्हाशिवाय दगडी नक्षी उठत नाही.

## टप्पा ४ : समोरून सरळ फोटो

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून थोडं सावकाश.

मनोरे झुकतात ते कॅमेरा वर वाकवल्यामुळे. कॅमेरा जितका वर वाकवाल तितक्या उभ्या रेषा वर एकमेकींकडे ओढल्या जातात, आणि वाइड लेन्सवर ते ठळक दिसतं. यावर लोक आणखी वाइड लेन्स लावतात. मग झुकणं वाढतं, शिवाय खाली रस्त्याचा भला मोठा राखाडी पट्टा फुकटात मिळतो.

क्रम असा ठेवा:

1. जितकं मागे जाता येईल तितकं जा. सेल्फी पॉइंट त्यासाठी बरा, पण तिथे कठड्याला चिकटून उभं राहू नका. थोडं मागे सरकलं की कोन सौम्य होतो.
2. कॅमेरा आडवा नव्हे, उभा धरा. तो जमिनीशी काटकोनात, अजिबात न वाकवता ठेवा. आता खालचा अर्धा भाग रस्त्याचा दिसेल. दिसू दे, तो नंतर कापायचा आहे.
3. फोन १ पटीवर ठेवा. ०.५ वर कडेचे मनोरे ताणले जातात, आणि ते ताणणं नंतर नीट दुरुस्त होत नाही.
4. ग्रिडची मधली उभी रेषा घुमटाच्या टोकापासून घड्याळाच्या मध्यावर आणा. मूर्ती आणि घड्याळ एका रेषेत आले की तुम्ही बरोबर समोर आहात. येत नसतील तर हात वळवून उपयोग नाही, पाय हलवा.
5. तरीही टोक कापलं जात असेल तरच कॅमेरा थोडासा वर करा आणि चारही बाजूंना भरपूर जागा सोडा, म्हणजे दुरुस्तीत काही कापलं जाणार नाही.

एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) उजळलेल्या दगडावर घ्या, आकाशावर नको. फोनवर दगडाला बोट लावून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतात. मग उजेड किंचित खाली ओढा.

सूर्यास्ताच्या अगदी आधी समोरच्या इमारतींची सावली खालच्या मजल्यांवर चढू लागते आणि ऊन वरच्या भागावर, शेवटी फक्त घुमटावर उरतं. हे थोडाच वेळ टिकतं. बरेच जण ‘ऊन गेलं’ म्हणून कॅमेरा पिशवीत टाकतात. थांबा. सावलीतल्या इमारतीवर सोनेरी घुमट हा दुपारच्या सगळ्या फोटोंपेक्षा सरस निघू शकतो. तेव्हा एक्स्पोजर घुमटावर घ्या आणि खालचा भाग गडद होऊ द्या.

> तपासा : स्क्रीनवर फोटो मोठा करून घड्याळ बघा. काटे वाचता येतायत? येत नसतील तर फोकस चुकलाय किंवा हात हललाय.

## टप्पा ५ : लांब जाऊन काढायचा फोटो

समोरचा फोटो प्रत्येकाकडे असतो. लांबून काढलेला फार थोड्यांकडे. मेट्रो सिनेमाकडून महापालिका मार्गाने, आझाद मैदानाच्या बाजूच्या फुटपाथवरून सीएसएमटीकडे चालत या. डावीकडे महापालिका मुख्यालयाचा मनोरा, पुढे रस्त्याच्या टोकाला स्टेशनचा घुमट. लांब लेन्सने दोन्ही एकमेकांच्या जवळ आल्यासारखे दिसतात, आणि मधल्या टॅक्सी, बस, माणसं यांचा एकच दाट थर होतो.

इथे झूम फिरवत बसू नका. झूमने दृश्य फक्त मोठं होतं, दोन इमारतींमधलं नातं बदलत नाही. घुमट मनोऱ्याच्या मागे दडला असेल किंवा झाडाच्या फांदीत अडकला असेल तर पुढे-मागे चालूनच तो मोकळा होतो. पन्नास पावलांनी चित्र पूर्ण बदलतं.

याच जागेवरून चंद्रासह घुमट मिळू शकतो, आणि त्यासाठी पंचांग उघडायला हवं. तुम्ही इथून आग्नेयेकडे बघत असता. हिवाळ्यातला पूर्ण चंद्र ईशान्येकडे झुकून उगवतो, त्यामुळे तो या रस्त्यावरून घुमटाच्या मागे येत नाही. एप्रिल-मेमध्ये तो आग्नेयेकडे सरकलेला असतो. तिथीही नीट निवडा. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्ताच्या वेळी उगवतो आणि घुमटाच्या उंचीला येईपर्यंत काळोख पडतो, मग चंद्र म्हणजे नुसता पांढरा ठिपका. चतुर्दशीला तो सूर्य मावळण्याआधीच वर आलेला असतो, आकाशात उजेड असतो, आणि चंद्रावरचे डागही टिपता येतात. सूर्य-चंद्राची दिशा दाखवणारं ॲप घेऊन आदल्या दिवशी जागा पक्की करा. २०० मिमीपेक्षा कमी लेन्सवर चंद्र वाटाण्याएवढा दिसेल, फोनवर तर त्याहून लहान. फोनवाल्यांनी हा फोटो सोडून द्यावा, असं मी स्पष्ट सांगेन.

## टप्पा ६ : सूर्यास्तानंतरची पंधरा ते तीस मिनिटं

मुंबईत संधिप्रकाश फार कमी टिकतो. सूर्यास्तानंतर साधारण पंधराव्या मिनिटापासून आकाश गडद निळं होऊ लागतं आणि अर्ध्या तासानंतर ते फोटोत काळंच येतं. इमारतीचे दिवे लागलेले आणि आकाशात रंग, असं एकत्र या मधल्या वेळातच मिळतं.

म्हणून सूर्यास्ताला ट्रायपॉड लावून, फ्रेम ठरवून तयार असलं पाहिजे. या वेळात जागा शोधत फिरू नका. एकच जागा, फार तर दोन.

कॅमेऱ्यावर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८, शटर एक ते चार सेकंद इथून सुरुवात करा आणि आकाश गडद होत जाईल तसा शटर वाढवा. दोन सेकंदांचा टायमर लावा, बोटाच्या धक्क्यानेही फोटो हलतो. ट्रायपॉडवर लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताचा थरथराट सावरणारी सोय) बंद करा. फुटपाथवर ट्रायपॉडचे पाय पसरून लोकांची वाट अडवली तर पोलीस हटकतील आणि त्यांचं बरोबरच असेल. पाय मिटवून कठड्याला टेकवा, नाहीतर कठड्यावर पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा. फोनचा नाइट मोडही टेकवून धरल्यावरच नीट चालतो.

> सावध : एसी मेट्रोतून किंवा गाडीतून थेट दमट हवेत आलात तर लेन्सवर बाष्प धरतं. सारखं पुसून ते जात नाही. कॅमेरा दहा-पंधरा मिनिटं बंद पिशवीतच राहू द्या, मगच बाहेर घेऊन टोपण काढा.

## टप्पा ७ : रात्र, म्हणजे रंग, रेषा आणि पाणी

रंगीत दिवे. रोषणाईचे रंग बदलत राहतात, आणि गडद लाल, निळ्या किंवा जांभळ्या प्रकाशात कॅमेऱ्याचा एकच रंग भरून वाहतो. मग नक्षी नाहीशी होते. कॅमेऱ्यात तीन रंगांचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) चालू करा, एखादा रंग उजव्या कडेला आदळत असेल तर एक्स्पोजर एक स्टॉपने, म्हणजे निम्म्याने, कमी करा. फोनवर उजेडाची पट्टी खाली ओढा. मी तर उबदार पांढरा किंवा पिवळा रंग येईपर्यंत थांबते, दगड दगडासारखा दिसतो. फोटोत आडवे पट्टे उमटले तर ते दिव्यांच्या लुकलुकण्याचे असतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणलं की बहुतेकदा जातात.

गाड्यांच्या रेषा. एफ/११, आयएसओ १००, आठ ते पंधरा सेकंद. बटण सिग्नल सुटायच्या जरा आधी दाबा. गाड्या निघून गेल्यावर दाबलं तर रेषा अर्धवट तुटतात. बेस्टची डबलडेकर आली तर वरच्या मजल्याच्या दिव्यांची वेगळी, उंच रेष मिळते. मात्र ती कॅमेऱ्यासमोर थांबली तर इमारत झाकली जाईल, तो फोटो सोडा. याउलट एखादी काळी-पिवळी टॅक्सी स्पष्ट आणि मागची इमारत धावती हवी असेल तर शटर १/२० च्या आसपास ठेवून कॅमेरा टॅक्सीबरोबर वळवायचा. पहिले बरेच फोटो वाया जातील, ते ठरलेलंच आहे.

पाणी. पावसाळ्यात सीएसएमटीला प्रतिबिंबाची वाण नसते, पण डबक्यासमोर उभं राहून खाली बघितलं तर फक्त आकाश आणि स्वतःचे बूट दिसतात. फोन उलटा करा, म्हणजे लेन्स खालच्या बाजूला येईल, आणि लेन्स पाण्यापासून बोटभर अंतरावर आणा. हातभर रुंद डबक्यातही मग पूर्ण इमारत मावते. पाऊस थांबल्यावर काढा, थेंब पडत असताना पाणी थरथरतं. फोकस डबक्याच्या कडेवर नको, प्रतिबिंबातल्या घड्याळावर बोट लावा. सिगारेटचं थोटूक, प्लास्टिकचा तुकडा आधी उचला, इतक्या जवळून ते फार मोठं दिसतं. उन्हाळ्यात पाणी नसेल तर उभ्या टॅक्सीची काच किंवा टप वापरता येतो, चालकाला विचारून.

## टप्पा ८ : एक वेगळी सकाळ

सकाळी सूर्य इमारतीच्या मागून वर येतो. दर्शनी भाग सावलीत असतो, म्हणून बहुतेक जण सकाळ टाळतात. पण काळ्या आकृतीसाठी हीच वेळ. घुमट, मनोरे आणि मूर्ती यांची कड उजळ आकाशावर कोरल्यासारखी उठते. सूर्य नेमका एखाद्या मनोऱ्याच्या मागे लपेल अशा जागी सरका आणि एक्स्पोजर आकाशावर घ्या. ऑटोवर सोडलं तर कॅमेरा सावली उजळायला जाईल आणि आकाश पांढरं करून टाकेल.

माणसांसाठीही सकाळच घ्या. सकाळी गर्दी स्टेशनातून बाहेर पडते, म्हणजे इमारत मागे आणि चेहरे तुमच्याकडे. संध्याकाळी तीच गर्दी स्टेशनाकडे जाते आणि फक्त पाठी दिसतात. सबवेच्या ज्या जिन्यातून वर बघताना इमारत दिसते तिथे सगळ्यात खालच्या पायरीच्या कडेला उभे राहा. जिन्याचं तोंड आपोआप चौकट होतं, आणि वर चढणारी-उतरणारी माणसं काळ्या आकृत्या. शटर १/८ वर आणलंत तर गर्दी वाहते आणि इमारत स्थिर राहते. एका कडेला भिंतीला टेकून उभे राहा, घाईतल्या माणसाच्या वाटेत नको. कुणाचा चेहरा जवळून आणि स्पष्ट येणार असेल तर विचारा, ‘नको’ म्हटलं तर पुढे चला.

## टप्पा ९ : आतला भाग

तिकीटघराच्या दालनात वर बघा. कमानींच्या फासळ्या छताकडे जाऊन मिळतात. फोन छातीशी आडवा, पडदा छताकडे असा धरा आणि पुढच्या, म्हणजे सेल्फीच्या, कॅमेऱ्याने टायमर लावून काढा. मान मोडत नाही आणि मध्य अचूक साधतो. ट्रायपॉड, फ्लॅश, लाइट आत काढू नका. रेल्वे पोलिसांनी मनाई केली तर वाद न घालता थांबा. फलाटावर पिवळ्या रेषेच्या अलीकडेच राहायचं. तिकीट किंवा प्लॅटफॉर्म तिकीट खिशात हवंच.

## टप्पा १० : निवड आणि दुरुस्ती

घरी आल्या आल्या सगळे फोटो शेअर करू नका. आधी प्रत्येक टप्प्यातला एकेक वेगळा काढा आणि बाकीचे बाजूला ठेवा. मग या क्रमाने:

1. आधी उभ्या रेषा सरळ करा. पूर्ण शंभर टक्के सरळ केल्या तर इमारत वर रुंद झाल्यासारखी दिसते, म्हणून अगदी किंचित झुकाव राहू द्या.
2. मग कापा. रस्त्याचा पट्टा कमी करा, पण घुमटाच्या वर मूर्तीएवढी तरी हवा सोडा.
3. मग रंग. दुपारच्या फोटोत दगड पिवळसर राहू द्या, नारिंगी करू नका. रात्रीच्या फोटोत जांभळा रंग थोडा कमी केला की हरवलेली नक्षी परत येते.
4. शार्पनेस शेवटी, आणि हलक्या हाताने. फोनचे फोटो आधीच शार्प होऊन आलेले असतात, त्यावर पुन्हा केलं की कोरीवकामाभोवती पांढऱ्या कडा उमटतात.

वायर आणि खांब पुसण्याचा मोह आवरा, निदान घुमटाच्या आसपास तरी. पुसण्याच्या साधनांनी मनोऱ्याच्या टोकांचे आकार बिघडतात, आणि रोज तिथून जाणाऱ्या माणसाला ते लगेच कळतं. वायर आड येतेय असं जागेवरच दिसलं असेल तर तिथेच दोन पावलं सरकायची.